कंपनी शेजारची, पण शेअरचा भाव रास्त आहे का? खरेदीआधी ‘पी/ई’चा हिशोब मांडा

रावेत : रावेतच्या एका बाजूला आकुर्डी-पिंपरीचे कारखाने, दुसऱ्या बाजूला हिंजवडीचं आयटी पार्क, आणि जरा पुढं गेलं की तळवडे, चाकण. शेअर बाजारातली मोठमोठी नावं या पट्ट्यातल्या लोकांना पेपरात वाचावी लागत नाहीत. कुणाचा मुलगा तिथं नोकरीला, कुणाची गाडी तिथं भाड्यानं लावलेली, कुणाची जमीनच त्या कंपनीच्या शेडखाली गेलेली.

त्यामुळं मोबाईलवर डीमॅट खातं उघडलं की पहिला शेअर बहुतेक वेळा ‘आपल्याकडच्या’ कंपनीचाच घेतला जातो. देशातली डीमॅट खाती २०२५ मध्ये २० कोटींच्या पुढं गेली. त्यात मावळ, मुळशी, खेडमधली खातीही आली. जमिनीच्या मोबदल्याचे, दूध डेअरीचे, ओव्हरटाईमचे पैसे आता थेट बाजारात जातायत.

पण कंपनी ओळखीची असणं आणि तिचा शेअर रास्त भावात मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेल्या दोन-अडीच वर्षांत आपल्या शेजारच्याच कंपन्यांनी हे दाखवून दिलंय. कंपनी बुडाली नाही, घोटाळा झाला नाही, नफाही टिकून राहिला, तरी शेअर घेणाऱ्याचे पैसे निम्मे झाले. असं का झालं, ते एका साध्या भागाकारातून कळतं. त्या भागाकाराचं नाव पी/ई.

पी/ई म्हणजे किती वर्षांचा नफा आगाऊ मोजताय

आपल्याला हा हिशोब नवा नाही. फक्त नाव नवं आहे.

समजा एक गाय ८० हजारांना मिळतेय. चारा, पेंड, डॉक्टर सगळं वजा जाता ती वर्षाला २० हजार मागं टाकते. म्हणजे तुम्ही चार वर्षांची कमाई आगाऊ मोजताय. या गाईचा पी/ई झाला ४.

समजा बँकेत एक लाखाची एफडी केली आणि वर्षाला ७ हजार व्याज मिळालं. एक लाख भागिले सात हजार, म्हणजे साधारण १४. एफडीचा पी/ई १४.

समजा रावेतला ८० लाखांचा फ्लॅट घेतला आणि महिन्याला २२ हजार भाडं आलं. वर्षाचं भाडं दोन लाख ६४ हजार. मेंटेनन्स, टॅक्स बाजूला ठेवला तरी पी/ई ३० च्या आसपास जातो.

शेअरचंही असंच. कंपनीच्या वर्षभराच्या निव्वळ नफ्याला एकूण शेअरच्या संख्येनं भागलं की एका शेअरवाटणीचा नफा मिळतो. ॲपवर तो ‘ईपीएस’ या नावानं दिसतो. शेअरच्या भावाला या ईपीएसनं भागलं की पी/ई आला. ईपीएस २० रुपये आणि भाव ६०० रुपये असेल, तर पी/ई ३०.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. एफडीचं व्याज खात्यात जमा होतं. कंपनीचा नफा सगळाच तुमच्या हातात येत नाही. थोडा लाभांश म्हणून मिळतो, बाकीचा कंपनी धंद्यात घालते. त्या पैशातून पुढं जास्त नफा झाला तरच तुमचा फायदा.

मग ३०, ५०, १०० पी/ई कुणी का मोजतं?

याचं उत्तर या भागातल्या शेतकऱ्याला तर लगेच पटेल. रस्ता यायच्या आधी आपल्याकडच्या जमिनीचा भाव पिकावर ठरायचा. हायवे आला, आयटी पार्क आलं, आणि भावाचा पिकाशी संबंधच तुटला. आज गुंठ्याचा भाव कुणी ज्वारीच्या उत्पन्नावर ठरवत नाही. पुढं इथं काय उभं राहणार, यावर तो ठरतो.

जास्त पी/ई म्हणजे तेच. आजच्या नफ्यासाठी कुणी शंभरपट मोजत नाही, उद्याच्या नफ्यासाठी मोजतो. उद्या खरंच तसा उजाडला तर घेणारा शहाणा ठरतो. रस्त्याची नुसती चर्चा होऊन तो दुसऱ्या गावावरून गेला, तर चढ्या भावानं गुंठे घेतलेला माणूस अडकतो. जमीन तीच असते, वाईट झालेली नसते. भाव चुकलेला असतो.

हिंजवडीचं उदाहरण : ५०० चा शेअर १४०० ला

टाटा टेक्नॉलॉजीज ही हिंजवडीतली कंपनी. गाड्यांच्या आणि विमानांच्या डिझाईनचं इंजिनिअरिंग काम करते. तिचा आयपीओ २२ ते २४ नोव्हेंबर २०२३ या काळात खुला होता. टीसीएसनंतर, म्हणजे २००४ नंतर, टाटा समूहाचा हा पहिला आयपीओ. भाव ५०० रुपये, एका लॉटमध्ये ३० शेअर, म्हणजे १५ हजार रुपये. मागणी आली जवळपास ६९ पट.

आता हिशोब करू. २०२२-२३ या वर्षात कंपनीचा निव्वळ नफा होता ६२४ कोटी, आणि शेअर साडेचाळीस कोटींच्या आसपास. म्हणजे ईपीएस साधारण १५ रुपये ४० पैसे. ५०० रुपयांना पी/ई झाला ३२ च्या पुढं. हा भाव स्वस्त नव्हता, पण डोळे फिरावेत असाही नव्हता.

३० नोव्हेंबर २०२३ ला शेअर बाजारात आला तो १२०० रुपयांना. त्याच दिवशी १४०० पर्यंत गेला. एका आठवड्यात कंपनीनं एक रुपयाही जास्त नफा कमावला नव्हता, पण पी/ई ३२ वरून ७८ वर गेला आणि दिवसाच्या शिखरावर ९१ वर. ९१ पी/ई म्हणजे १०० रुपये टाकले तर त्यामागं वर्षाचा नफा फक्त एक रुपया दहा पैसे.

ज्यांना लॉट लागला त्यांची चांदी झाली. ज्यांना लागला नाही, त्यांच्यातल्या अनेकांनी पहिल्याच दिवशी बाजारातून शेअर उचलला. ‘टाटांची कंपनी आहे, आपल्या हिंजवडीची आहे, डोळे झाकून घ्या’ हे वाक्य त्या दिवशी प्रत्येक ग्रुपवर फिरत होतं.

पुढं काय झालं? २०२३-२४ चा नफा ६७९ कोटी. २०२४-२५ चा ६७७ कोटी. कंपनी चालू, नफा चालू, नोकऱ्या चालू. पण नफा ९१ पी/ईला शोभेल असा वाढला नाही. एप्रिल २०२५ च्या पडझडीत शेअर ६०० च्या आसपास होता. पहिल्या दिवशी १४०० नं घेतलेल्या ३० शेअरचे ४२ हजार तेव्हा १८ हजार झाले होते. त्या वेळचा पी/ई बघा, साधारण ३६. म्हणजे जवळपास आयपीओच्या वेळी होता तिथंच परत.

आणखी एक मुद्दा. या आयपीओत सगळे शेअर जुन्या भागधारकांनी विकलेले होते. टाटा मोटर्सनं आपला काही हिस्सा यातूनच विकला. कंपनीच्या धंद्यात नवा पैसा आला नाही. आयपीओचा फॉर्म भरताना पैसा कंपनीकडं जातोय की जुन्या मालकांकडं, हे वाचायलाच हवं.

नफा दुप्पट झाला, तरी फायदा नाही!

कुणी म्हणेल, नफा वाढला नाही म्हणून शेअर पडला. मग हिंजवडीतलीच दुसरी कंपनी बघा, केपीआयटी टेक्नॉलॉजीज. गाड्यांचं सॉफ्टवेअर करते. २०२२-२३ मध्ये तिचा नफा ३८० कोटींच्या आसपास होता, तो २०२४-२५ मध्ये ८४० कोटींच्या घरात गेला. दोन वर्षांत दुपटीहून जास्त. याला म्हणतात वाढ.

पण २०२३ च्या अखेरीस शेअर १५०० च्या आसपास होता, म्हणजे आदल्या वर्षाच्या नफ्यावर पी/ई शंभराच्या पुढं. एप्रिल २०२५ मध्ये भाव १२०० च्याही खाली उतरला. कंपनीनं आपलं काम चोख केलं, पण घेणाऱ्यानं त्या कामाची मजुरी आधीच मोजलेली होती. काम झालं तेव्हा वर काही मिळायचं राहिलं नाही.

आकुर्डीच्या बजाज ऑटोचंही थोडंफार असंच. सप्टेंबर २०२४ मध्ये शेअर १२,७०० च्या वर गेला, तेव्हा आदल्या वर्षाच्या नफ्यावर पी/ई ४७ च्या आसपास होता. दुचाकी-रिक्षा बनवणाऱ्या कंपनीला ही किंमत जड होती. त्या वर्षी नफा वाढलाच, ७,४७९ कोटींवरून ८,१५१ कोटींवर. पण एप्रिल २०२५ मध्ये शेअर ७,१०० च्या जवळ होता.

तिन्ही ठिकाणी सूत्र एकच. भाव दोन कारणांनी हलतो. एक, कंपनीचा नफा. दुसरं, त्या नफ्यासाठी लोक किती पट मोजायला तयार आहेत. पहिलं वाढलं तरी दुसरं घसरलं, की पैसे घटतात. आणि पी/ई जितका उंच, तितकी घसरायला जागा जास्त.

पण पी/ई कमी म्हणजे स्वस्त, असंही नाही

इथं दुसरी फसगत होते. ॲपवर पी/ई ५, ६, ८ दिसला की ‘कचऱ्याच्या भावात मिळतोय’ म्हणून लोक तुटून पडतात.

चाकणच्या कांदा मार्केटचा अनुभव इथं कामाला येतो. एखाद्या वर्षी कांद्याला असा भाव मिळतो की एकरी लाखांत पैसे होतात. म्हणून कुणी ‘दरवर्षी एवढेच होणार’ असं धरून जमिनीचा खंड ठरवतं का? पुढच्या वर्षी सगळेच कांदा लावतात आणि भाव कोसळतो. वाहन, पोलाद, साखर, सिमेंट, केमिकल हे धंदे कांद्यासारखे आहेत. तेजीच्या वर्षात नफा फुगतो, म्हणून पी/ई लहान दिसतो. नेमका तोच काळ धोक्याचा असू शकतो.

टाटा मोटर्स घ्या. पिंपरीच्या कारखान्यामुळं ही तर आपल्या घरातलीच कंपनी. २०१८-१९ ते २०२१-२२ अशी सलग चार वर्षं ती तोट्यात होती. त्यातल्या पहिल्याच वर्षी २८ हजार कोटींहून जास्त तोटा. तोट्यात पी/ई निघतच नाही, ॲपवर त्या जागी नुसती रेघ येते. मार्च २०२० मध्ये शेअर ७० च्या खाली होता. पी/ई बघून घेणाऱ्याला तिथं बघायला काहीच नव्हतं, आणि पुढं शेअर अनेक पटींनी वाढला तो तिथूनच.

नंतर २०२३-२४ मध्ये विक्रमी नफा झाला, ३१ हजार कोटींच्या वर. त्यात कराच्या हिशोबातून आलेला एकवेळचा फायदाही होता. जुलै २०२४ मध्ये शेअर ११५० च्या पुढं गेला तेव्हा पी/ई १४ च्या आसपास होता. एफडीएवढा. किती स्वस्त वाटतं! एप्रिल २०२५ मध्ये तोच शेअर ६०० च्या खाली आला.

म्हणून चढ-उताराच्या धंद्यात एका वर्षाचा नफा धरू नका. पाच-सात वर्षांची सरासरी काढा. आपण पिकाची सरासरी काढतो तशीच.

जमीन विकून आलेला पैसा आणि पिकाचा पैसा

समजा एखाद्यानं मुलीच्या लग्नासाठी दोन गुंठे विकले आणि त्या वर्षी खात्यात ५० लाख आले. त्याचं वार्षिक उत्पन्न ५० लाख झालं असं आपण म्हणतो का? कंपनीच्या हिशोबात मात्र असे पैसे नफ्यात धरले जातात, आणि पी/ई काढणारं ॲप सरळ भागाकार करून मोकळं होतं.

याचं ताजं उदाहरण पुन्हा टाटा मोटर्सच. ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीची वाटणी झाली. ट्रक-बसचा धंदा वेगळा आणि कार, जॅग्वार लँड रोव्हरचा वेगळा. सप्टेंबर २०२५ च्या तिमाहीत कारच्या कंपनीनं नफा दाखवला तब्बल ७६ हजार कोटींचा. त्यामागं होता वाटणीतून कागदावर आलेला ८२ हजार कोटींहून मोठा फायदा. तो बाजूला काढला तर चालू धंदा तोट्यात होता, कारण जॅग्वार लँड रोव्हरचं उत्पादन सायबर हल्ल्यामुळं काही आठवडे बंद पडलं होतं.

आता या ७६ हजार कोटींनी भागाकार केला तर पी/ई इतका खाली येतो, की वाटावं कंपनी फुकट वाटतायत. आकडा खोटा नाही, भागाकारही चुकीचा नाही. पण तो नफा दरवर्षी येणारा नाही.

या पट्ट्यातल्या काही जुन्या कारखान्यांकडं मोक्याच्या जागा आहेत. त्या विकल्या की त्या वर्षी नफा फुगतो. निकाल बघताना ‘इतर उत्पन्न’ आणि ‘एकवेळची बाब’ या दोन ओळी आधी शोधा.

पूर्ण बाजाराचाही पी/ई असतो

एकेका कंपनीसारखा पूर्ण निफ्टीचाही पी/ई असतो. एनएसईच्या वेबसाईटवर तो रोज फुकट बघायला मिळतो. जानेवारी २००८ मध्ये तो २८ च्या आसपास होता. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या मंदीत ११ च्या खाली आला. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या भीतीत १७ च्या आसपास होता.

जुने आकडे ताडताना एक खबरदारी घ्या. मार्च २०२१ च्या अखेरीस एनएसईनं हिशोबाची पद्धत बदलली. आधी फक्त मूळ कंपनीचा नफा धरायचे, आता उपकंपन्यांसह एकत्रित नफा धरतात. त्या बदलानं निफ्टीचा पी/ई रातोरात ४० वरून ३३ वर आला. बाजार स्वस्त झाला नव्हता, माप बदललं होतं. एका कंपनीच्या बाबतीतही ‘एकत्रित’ आणि ‘स्वतंत्र’ असे दोन आकडे असतात. तुलना करताना दोन्हीकडं एकच माप लावा.

निफ्टीच्या पी/ईवरून बाजार उद्या पडेल की चढेल ते कळत नाही. महाग बाजार वर्षभर आणखी महाग होऊ शकतो. पण आयुष्यभराची पुंजी एका दिवसात ओतायची की थोडी थोडी, हे ठरवायला तो आकडा नक्की उपयोगी पडतो.

शेअर घ्यायच्या आधी हे पाच प्रश्न विचारा

१. या भावात मी किती वर्षांचा नफा आगाऊ मोजतोय? ॲपवर पी/ई बघाच, पण एकदा स्वतः भागाकार करून पडताळा.

२. याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपन्यांचा पी/ई किती? वाहन कंपनीची तुलना वाहन कंपनीशी, आयटीची आयटीशी. गाईची तुलना शेळीशी नको.

३. याच कंपनीचा गेल्या पाच-दहा वर्षांत साधारण पी/ई किती राहिलाय? आज त्याच्या दुप्पट असेल तर कारण काय?

४. नफा धंद्यातून आलाय की जागा विकून, वाटणीतून, करातून? आणि कर्ज किती आहे? पी/ईमध्ये कर्ज दिसत नाही.

५. या भावाला शोभायला नफा किती वाढावा लागेल? पी/ई ९० असेल आणि पुढं तो ३० वर आला, तर नुसता भाव टिकायलाच नफा तिप्पट व्हावा लागतो.

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. तो विचारला असता तर ३० नोव्हेंबर २०२३ ला पुष्कळांचा हात थांबला असता.

पगारही तिथला, पुंजीही तिथली?

या भागासाठी एक वेगळी सूचना. ज्या कंपनीत घरातला माणूस नोकरीला आहे, त्याच कंपनीच्या शेअरमध्ये सगळी बचत टाकू नका. मंदी आली की आधी ओव्हरटाईम बंद होतो, मग कंत्राटी कामगार कमी होतात, आणि शेअरही त्याच वेळी पडतो. चाकणला एक मोठी कंपनी शिंकली की तिला सुटे भाग पुरवणाऱ्या वीस लहान कारखान्यांना सर्दी होते. त्यात रावेत-किवळेत भाड्यानं दिलेली खोलीही रिकामी होते. पगार, भाडं आणि शेअर अशा तिन्ही गोष्टी एकाच दोरीला बांधलेल्या असतील, तर तुटताना तिन्ही एकदम तुटतात.

मोबदल्याचा पैसा तर आणखी जपून वापरा. जमीन एकदाच विकली जाते. बापजाद्यांच्या जमिनीचा गुंठ्यागुंठ्याला भाव करणारा माणूस शेअर घेताना मात्र भाव न विचारता बटण दाबतो, हे काही बरोबर नाही.

आणि व्हॉट्सॲप-टेलिग्रामवर कुणी ‘पी/ई फक्त ४, तिप्पट होणार’ असं सांगत असेल, तर आधी त्याचा सेबीचा नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या वेबसाईटवर तपासा. नोंदणी नसेल तर पुढचं ऐकूच नका.

कंपनीचं गेट रोज दिसतं, कामगारांच्या बस रोज दिसतात, म्हणून कंपनी चालू आहे एवढं कळतं. तिचा शेअर कोणत्या भावाला घ्यावा, हे गेटवरून कळत नाही. ते कागदावर मांडावं लागतं, आणि त्याला दोन आकडे अन् एक भागाकार पुरतो.

(हा लेख माहितीसाठी आहे. यात आलेली कंपन्यांची नावं उदाहरणादाखल आहेत, खरेदी-विक्रीचा सल्ला म्हणून नाहीत. गुंतवणूक करण्याआधी सेबी नोंदणीकृत सल्लागाराशी बोला.)